एक मीटर ७१, दुसरा ८२ आणि मोबाइलवर ९४, यातला खरा कुठला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. रत्नागिरीत घर, हॉलमध्ये पुस्तकांचं कपाट, दर पावसाळ्यात पुस्तकांवर पांढरी बुरशी. म्हणून ऑनलाइन हवेतली आर्द्रता मोजायचे दोन डिजिटल मीटर मागवले, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर एक ७१ टक्के दाखवतो एक ८२, आणि मोबाइलच्या हवामान ॲपवर ९४. तापमान दोघांवर २९ च्या आसपास. कुठल्यावर विश्वास ठेवू, आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं मशीन, घेऊ का?

मी बावीस वर्षं याच लाईनमध्ये आहे, सुरुवात सूतगिरणीच्या ह्युमिडिफिकेशन प्लांटला (हवेत ओल सोडतात तो) आणि नंतर कॅलिब्रेशन, म्हणजे औषधांची गोडाऊनं, कोल्ड स्टोरेज, तिथले मीटर बरोबर दाखवतात का ते तपासायचं. तेव्हा उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ॲपचं बघू कारण तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. ९४ हा बाहेरचा आकडा, आणि तोही बहुतेक वेळा तुमच्या अंगणात कुणी मोजलेला नसतो, कॉम्प्युटर मॉडेलने काढलेला असतो. पण समजा तो बरोबरच आहे, बाहेर २६ डिग्री आणि ९४ टक्के. तीच हवा खिडकीतून आत आली, घरात माणसं, फ्रिज, गॅस, तापलेला स्लॅब, त्यामुळे ती २९ डिग्रीची झाली. आता हवेतलं पाणी तेवढंच आहे, एक थेंब कमी नाही की जास्त नाही, पण गरम हवेची पाणी सामावून घ्यायची ताकद वाढली, म्हणून टक्का उतरतो. गणित केलं तर ७९ येतो. म्हणजे ॲपचा ९४ आणि घरातला ७९ हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, त्यात भांडण काहीच नाही. (आता तुमचे दोन मीटर ७९ च्या दोन बाजूंना आहेत हे लक्षात आलं असेल. त्यावर येतोच.)

इथेच मूळ मुद्दा आहे. रिलेटिव्ह ह्युमिडिटी, सापेक्ष आर्द्रता, हा आकडा हवेचा एकटीचा नसतो, त्या जागेच्या तापमानाचा पण असतो. तीस डिग्रीच्या आसपास तापमान एक डिग्रीने चुकलं की टक्का साधारण चारने चुकतो. म्हणून लोक टक्क्याच्या मागे धावतात आणि तापमान गृहीत धरतात ते उलटं आहे, आधी तापमान नीट मोजायला शिका मग टक्क्याला हात घाला.

तुमच्याच कपाटाचं बघा. हॉलच्या मधोमध ३० डिग्री आणि ७५ टक्के आहे समजा. कपाटामागची भिंत बाहेरची आहे, पावसाने भिजून गार पडलेली, तिथे २७ डिग्री. हवा तीच, पण तिथे टक्का होतो ८९. बुरशीला सलग काही दिवस ७५-८० च्या वर मिळालं की तिचं काम सुरू होतं, मग तुम्ही टीव्हीशेजारी मीटर ठेवून ७१ बघत समाधानी बसलात तरी पुस्तकांना त्याचा काही उपयोग नाही, कारण पुस्तकं टीव्हीशेजारी नाहीत. कोकणात पाऊस सुरू झाला की पहिल्या काही दिवसांत लादीला घाम येतो ना, ते हेच. वर सांगितलेल्या हवेचा दवबिंदू साधारण २५ डिग्री, म्हणजे २५ च्या खाली जे काही असेल, लादी, माठ, फ्रिजमधली बाटली, त्यावर पाणी जमणार.

तर मीटर ठेवायचा कुठे. घराचा साधारण आकडा पाहिजे असेल तर जमिनीपासून चार साडेचार फुटांवर, आतल्या भिंतीजवळ पण भिंतीला चिकटवून नाही, उन्हाची तिरीप येणार नाही, फ्रिजच्या मागची गरम हवा लागणार नाही, एसीचा झोत थेट येणार नाही अशी जागा. हवामान खातं पण हेच करतं, पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळेला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात (१९२८ साली मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं म्हणून), अशा वेधशाळांत पांढऱ्या रंगाची झडपांची लाकडी पेटी असते, थर्मामीटर त्यात साधारण चार फुटांवर. हवा खेळली पाहिजे आणि ऊन लागता कामा नये, बस. आणि घरातलं दुखणं शोधायचं असेल तर मीटर दुखण्याच्या जागी ठेवा, म्हणजे तुमच्या बाबतीत एक मीटर हॉलमध्ये आणि दुसरा पुस्तकांच्या मागे, कपाटाच्या आत.

मी स्वतः काय केलं होतं ते सांगतो, हसू नका. घरी वायफायवाला सेन्सर बसवला, टीव्हीच्या युनिटवर, राउटरच्या बाजूला, दिसायला छान दिसत होता. महिनाभर ३३-३४ डिग्री आणि ५८ टक्के बघून मी बायकोला सांगतोय की आपलं घर कोरडं आहे, आणि ती म्हणतेय मग डब्यातला पापड मऊ कसा पडतो. पापड बरोबर होता. राउटरच्या उबेने सेन्सर तीन डिग्री गरम होता आणि त्या हिशोबाने टक्का दहा-अकराने खाली. ज्यांना स्वतः सर्किट बनवायची हौस आहे त्यांचा पण हाच घोटाळा होतो, वायफायचं चिप गरम होतं आणि सेन्सर त्याच्याच बोर्डवर, त्यापेक्षा वीतभर वायर लावून सेन्सर डबीच्या बाहेर काढा, अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

आता सेन्सरच्या जातीबद्दल, पटकन. डीएचटी ११ नावाचा निळा सेन्सर स्वस्त खेळण्यांमध्ये असतो, कंपनीच कागदावर सांगते की तापमान दोन डिग्री इकडे तिकडे आणि आर्द्रता पाच टक्के. डीएचटी २२ त्यापेक्षा बरा. एसएचटी ३१ किंवा एसएचटी ४० ची जात चांगली, दोन टक्क्यांच्या आसपास आणि तापमान ०.२-०.३ डिग्री. बीएमई २८० आर्द्रतेला ठीक आहे पण तापमान थोडं जास्त दाखवायची खोड आहे कारण स्वतःच गरम होतो. आणि स्क्रीनवर २८.४७ असे दोन दशांश दिसले म्हणून भुलू नका, दशांश दाखवायला काही पैसे लागत नाहीत. कागदावरची ती दोन टक्के पण नव्या, स्वच्छ सेन्सरची. घरात अगरबत्ती, कापूर, डांबराच्या गोळ्या, रंगकाम, थिनर, सॅनिटायझर हे सगळं सेन्सरच्या पातळ थरात शिरून बसतं आणि आकडा सरकतो. कपाटात डांबराच्या गोळ्या आणि त्यांच्याशेजारीच मीटर असं असेल तर आधी त्यातलं एक काहीतरी बाहेर काढा. दुसरं, या सेन्सरांना सतत ८० च्या वर ठेवलं की ते दोन-तीन टक्के जास्त दाखवायला लागतात, काही दिवस कोरड्यात ठेवले की परत ताळ्यावर येतात. कोकणातला जुलै म्हणजे त्यांची परीक्षाच.

आता मुख्य गोष्ट, दोन मीटरमधला खरा कुठला. याला लॅब लागत नाही, मीठ लागतं.

तुमच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना? ते ७५ टक्क्यांना सुटतं. शुद्ध मीठ आणि पाण्याचा गच्च घोळ बंद डब्यात ठेवला की आतली हवा बरोबर ७५ वर येऊन थांबते, २० डिग्रीला ७५.५, २५ ला ७५.३, ३० ला ७५.१. म्हणजे आपल्याकडे पंखा लावा की एसी, आकडा ७५ च धरायचा. कॅलिब्रेशनच्या लॅबमध्येही हे मिठाचे घोळ वापरतात, तिथे फक्त डबा महाग असतो.

करायचं असं. पिशवीतलं साधं रिफाइन्ड मीठ घ्या, खडे मीठ नको, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते बिचारं ३३ टक्क्यांनाच ओलं होतं आणि सगळा आकडा खाली ओढतं. (खडे मीठ बारीक मिठाच्या आधी पाझरतं ते याच कारणाने.) बिसलेरीच्या बाटलीचं झाकण घ्या, त्यात मीठ भरा आणि ड्रॉपरने नाहीतर चमच्याच्या टोकाने पाणी थेंब थेंब सोडा. किती? भिजलेल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, बोटाने दाबलं की ओल वर येते पण झाकण तिरकं केलं तर पाणी वाहत नाही. सगळं विरघळलं आणि वर पाणी तरंगायला लागलं तर तो मिठाचा घोळ राहिला नाही, मिठाचं पाणी झालं, आकडा वर जाणार. अजून मीठ टाका. दोन्ही मीटर आणि ते झाकण एका पारदर्शक झिपच्या पिशवीत किंवा हवाबंद काचेच्या बरणीत, मिठाचा मीटरला स्पर्श नको, बंद करा आणि स्क्रीन बाहेरून वाचता येईल असं ठेवा. बरणी जितकी लहान तितकं बरं.

आता धीर. लोक तासाभरात उघडून बघतात आणि मला फोन करतात की ६८ वरच अडकलाय. बारा तास द्या, रात्री ठेवलं की सकाळी बघा. आणि या बारा तासांत त्या जागेचं तापमान हललं नाही पाहिजे, खिडकीत नको, फ्रिजवर नको, एसीच्या खोलीत तर नकोच नको. मीठ गार आणि मीटर गरम असा एका डिग्रीचा फरक पडला तरी चार टक्के गेले, आणि आपण तर दोन टक्क्यांसाठी हा खटाटोप करतोय. मी बरणीला जुना टॉवेल गुंडाळून कपड्यांच्या कपाटात ठेवतो. सकाळी बरणी न उघडता, न पकडता, वाकून वाचायचं, हातात घेतली की हाताची ऊब लागते.

समजा सकाळी पहिला मीटर ६८ दाखवतोय आणि दुसरा ७९. म्हणजे पहिला सात कमी, दुसरा चार जास्त. मग तुमचे हॉलमधले ७१ आणि ८२ दुरुस्त केले तर दोन्ही ७८ होतात, आणि वर आपण ॲपवरून गणिताने काढलेला ७९. तीन वेगवेगळ्या वाटांनी येऊन आकडे एका ठिकाणी भेटले की मोजणाऱ्याला जे सुख मिळतं ते मी शब्दात सांगू शकत नाही. तुमचे आकडे अर्थात वेगळे येतील, मी हे समजा म्हणून घेतलेत.

एक सावधान. हा फरक ७५ जवळचा आहे, साधारण ६० ते ८५ पर्यंत वापरा, त्याच्या बाहेर तो तसाच राहील याची खात्री नाही. नागपूर चंद्रपूरकडे मे महिन्यात १५ टक्के असतात, तिथे ही मिठाची दुरुस्ती लावून काही अर्थ नाही, तिकडच्यांनी प्रयोगशाळेच्या दुकानातून मॅग्नेशियम क्लोराइड आणून ३३ टक्क्यांचा दुसरा पॉइंट घ्यावा. तुम्हाला रत्नागिरीत त्याची गरज नाही. कॅमेऱ्याची लेन्स ४०-५० टक्क्यांच्या डब्यात ठेवणाऱ्यांना मात्र आहे.

तापमानाचं काय? वायरवाला प्रोब (वायरच्या टोकाला सेन्सर असतो तो) असेल तर बर्फ. फ्रीजरमधला बर्फ फडक्यात गुंडाळून लाटण्याने बारीक करा, थर्मासमध्ये भरा, बर्फाच्या फटी भरतील इतकंच गार पाणी घाला, ढवळा, पाच मिनिटं थांबा, मग प्रोब मध्ये घाला, तळाला टेकवायचा नाही. शून्य यायला पाहिजे. नुसत्या बर्फाच्या खड्यात खुपसला तर शून्य नाही येणार, फ्रीजरचा खडा शून्याच्या बराच खाली असतो, पाणी पाहिजेच. वरच्या टोकाला तापाचा डिजिटल थर्मामीटर कामाला येतो, तो ३५ ते ४२ मध्ये ०.१ डिग्रीइतका पक्का असतो, कोमट पाण्यात दोन्ही शेजारी धरा. फक्त तो सर्वात जास्त आकडा धरून ठेवतो हे विसरू नका, पाणी निवत असतं आणि तो वरच अडकलेला असतो, म्हणून बीप झाली की त्याच क्षणी दोन्ही वाचायचे. आणि स्क्रीनवाला डबीचा मीटर पाण्यात घालू नका, एकाने पिशवीत घालून बुडवला होता, पिशवीला भोक होतं. असल्या मीटरला तपासलेल्या प्रोबशेजारी थर्माकोलच्या डब्यात दोन तास ठेवा आणि फरक लिहून घ्या, पुरे.

ज्यांना डिजिटलवर भरोसाच नाही त्यांच्यासाठी जुनी पद्धत, ओला आणि कोरडा बल्ब. सूतगिरणीत आम्ही हेच करायचो, दोन थर्मामीटर बसवलेली एक फ्रेम, त्यातल्या एकाच्या बल्बला ओली वात, खुळखुळ्यासारखी गरागरा फिरवायची, दर दोन तासांनी, आणि तक्त्यावरून टक्का काढायचा. नवीन होतो तेव्हा माझं रीडिंग दुसऱ्या शिफ्टपेक्षा सारखं पाच-सहा टक्क्यांनी जास्त यायचं, सुपरवायझर वैतागला, मला वाटायचं मी चुकीचा वाचतोय. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने माझी ओली वात काढून हातावर ठेवली, कापसाच्या पिंजाने आणि क्षाराने ती खरवडीसारखी कडक झाली होती. त्या वातीतून पाणी नीट उडत नव्हतं, त्यामुळे ओला बल्ब हवा तेवढा गार होत नव्हता. हिशोब बघा, कोरडा ३० आणि ओला २६ असेल तर ७३ टक्के, आणि घाण वातीने ओला २७ दाखवला तर ७९. एका डिग्रीत सहा टक्के.

घरी करायचं तर एकसारखे दोन साधे अल्कोहोलचे थर्मामीटर घ्या (पाऱ्याचे नकोत, फुटले तर निस्तरत बसाल), आधी दोन्ही कोरडेच शेजारी ठेवून त्यांच्यात किती फरक आहे ते बघा, मग एकाला मलमलची पट्टी बांधा, पट्टी आधी उकळून खळ काढलेली, पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड. टेबल फॅन फुल स्पीडला समोर, जवळ. ओला उतरत उतरत जिथे थांबतो तो आकडा. फॅन नसेल तर ही पद्धत जास्तच दाखवते, म्हणून भिंतीवर टांगायचे ते शोभेचे ओले-कोरडे मीटर मी फारसे मनावर घेत नाही. आणि याच ठिकाणी एक गंमत दिसते, फॅनसमोर कोरडा थर्मामीटर तसूभर हलत नाही. फॅनने खोली गार होत नाही, घाम सुकतो म्हणून आपण गार होतो.

सोनेरी कडेचे गोल काटेवाले मीटर बहुतेक दुकानात बसूनच सरकलेले असतात. अस्सल केसाचा हायग्रोमीटर असेल तर गोष्ट वेगळी, माणसाचा केस कोरड्यातून पूर्ण ओल्यात गेला की दोन-अडीच टक्के लांबतो, त्यावर १७८३ साली द सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने मीटर बनवला, आणि असा मीटर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला की केस परत ताजा होतो आणि मग स्क्रूने काटा जुळवायचा. आजोबांचा असेल तर टाकू नका.

तुमच्या घराचं आता. डिह्युमिडिफायर आज घेऊ नका. मिठाची परीक्षा आटपा, एक मीटर हॉलमध्ये, एक पुस्तकांच्या मागे, आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान आणि टक्का दोन्ही वहीत लिहा, दुरुस्ती लावून. मीटर जागा बदलल्यावर अर्धा-पाऊण तास थांबून वाचा, आणि वाचताना तोंड जवळ नेऊ नका, श्वासाने पण आकडा उडी मारतो. कुणाकडे इन्फ्रारेड गन (लांबूनच तापमान मोजते ती) असेल तर कपाटामागच्या भिंतीवर मारा, भिंतीला चालते, चकचकीत स्टीलला चालत नाही. भिंत हॉलच्या हवेपेक्षा तीन-चार डिग्री गार निघाली आणि कपाटात ८५ च्या वर, हॉलमध्ये मात्र ७५ च्या आत, तर दोष भिंतीजवळच्या कोंडलेल्या हवेचा आहे, मशीनचे पैसे वाचवा, कपाट आतल्या भिंतीला हलवा, तेही जमत नसेल तर वीतभर पुढे ओढा आणि पाठीमागची फळी काढून जाळी लावा. हॉलमध्येच दुरुस्त केलेले ८० निघत असतील तर मात्र मशीन लागेल, आणि ते चालू असताना खिडक्या बंद, नाहीतर अख्ख्या अरबी समुद्राला वाळवत बसाल. मशीन घेतलं तर त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवरचा टक्का धरू नका, ते स्वतःच गरम होतं, तुमचा मिठात तपासलेला मीटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ६० च्या खाली आणा.

आणि दोन्ही मीटरच्या मागे फरक आणि तारीख परमनंट मार्करने लिहून ठेवा, कागदाची चिठ्ठी चिकटवली तर तुमच्याकडे ती दसऱ्यापर्यंत टिकायची नाही. पुढच्या मे अखेरीस परत मिठात घाला, फरक तीनपेक्षा जास्त सरकला असेल तर मीटर नवा घ्या, आणि मिठाचे आकडे आले की इथेच लिहा, बघू.